पहिल्या आखणीचा निमताना

मावळात जमिनीचा तंटा उभा राहिला म्हणजे तो फिरून फिरून अखेर पहिल्या मोजणीच्या कागदापाशी येऊन थांबतो. बांध कोणी कोरला, वहिवाटीची वाट कोणाच्या गटातून जाते, लोणावळ्यानजीक डोंगरउतारावर बंगल्यासाठी घेतलेल्या वीस गुंठ्यांपैकी दोन गुंठे शेजाऱ्याच्या कुंपणाआड कसे गेले, असल्या प्रश्नांचा निवाडा वडगावच्या भूमी अभिलेख दप्तरातील टिपण, फाळणी आणि आकारबंद या कागदांवाचून होत नाही. आणि त्या कागदांची मूळ आखणी तर आजच्या वादी-प्रतिवादींच्या खापरपणजोबांच्या हयातीत, शंकू आणि साखळी घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या मोजणीदारांनी करून ठेवलेली असते. भूकरमापकाच्या मोजणीने पक्षकाराचे समाधान झाले नाही, तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून तीच मोजणी पुन्हा करवून घेण्याची सोय आहे; तिला निमताना मोजणी म्हणतात, आणि तीही न पटल्यास तिच्यावर सुपर निमताना असतो. तथापि निमताना घेणारा अधिकारी झाला तरी तो पाहतो काय? आजची साखळी मूळ नकाशाशी जुळते की नाही, हे. मूळ आखणीतच जर कसूर राहून गेली असेल, तर तिच्यावर पुढे शंभर वेळा काटेकोरपणे केलेली मोजणी ती कसूरच शंभर वेळा पक्की करून ठेवते.

संगणकाच्या डिस्कवरही अशी एक पहिली आखणी असते, आणि ती आखणी करणाऱ्या आज्ञावलीत कोणी फेरफार सुचवला म्हणजे त्या फेरफाराची तपासणी व परीक्षा कशी होते, हा प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे. कारखान्यातून आलेली कोरी डिस्क ही क्रमांकित कप्प्यांच्या एका अतिदीर्घ रांगेपलीकडे काही नसते; तीत फाइल नसते, फोल्डर नसतो, नाव नसते, तारीख नसते, आणि कोणता कप्पा भरलेला व कोणता रिकामा हे सांगणारी साधी नोंदही नसते. ही सर्व व्यवस्था, जिला फाइलसिस्टम म्हणतात, ती एका स्वतंत्र आज्ञावलीने डिस्कवर उमटवावी लागते. विंडोज वापरणारा मनुष्य ‘डिस्क फॉरमॅट केली’ असे म्हणतो तेव्हा हीच क्रिया घडत असते. युनिक्स आणि तिच्या परंपरेतील लिनक्स या प्रणालींत अशा आज्ञावलीला एमकेएफएस हे नाव सत्तरीच्या दशकापासून चालत आले आहे. लिनक्सवर पुष्कळ काळ प्रचारात असलेले फाइलसिस्टमांचे घराणे म्हणजे एक्स्ट. त्यातील एक्स्ट२ ही १९९३ साली रेमी कार्ड, थिओडोर त्सो आणि स्टीफन ट्वीडी यांनी सिद्ध केली, एक्स्ट४ ही २००८ साली वापरास योग्य म्हणून जाहीर झाली, आणि या घराण्यातील मधल्या एक्स्ट३ सह तिन्ही पिढ्यांची आखणी करणारी आज्ञावली एकच आहे. तिचे नाव एमकेई२एफएस.

ही आज्ञावली डिस्कची लांबी विचारून घेते, आणि तिचे सामान्यतः ४,०९६ बाइटांचे एक याप्रमाणे ब्लॉक पाडते. एका ब्लॉकात जितके बिट मावतात तितक्याच ब्लॉकांची भरलेले-रिकामे अशी नोंद त्यात ठेवता येते. म्हणून ३२,७६८ ब्लॉकांचा, म्हणजे १२८ मेबिबाइटांचा एक गट बनतो, आणि संपूर्ण डिस्क अशा गटांत वाटली जाते. आरंभीचे १,०२४ बाइट सोडून सुपरब्लॉक नावाची मुख्य नोंद लिहिली जाते. ब्लॉक केवढा, गट किती, कोणकोणत्या सोयी चालू, हे सारे तीत असते, आणि ती नष्ट झाल्यास हाताशी असावी म्हणून तिच्या नकला काही ठरावीक गटांच्या माथ्यावर ठेवल्या जातात. मग येतात आयनोड. प्रत्येक फाइलची मालकी, आकार, तारखा आणि तिचा मजकूर कोणत्या ब्लॉकांत आहे याचा पत्ता ज्या नोंदीत राहतो, ती नोंद म्हणजे आयनोड. दर १६,३८४ बाइट जागेमागे २५६ बाइटांचा एक आयनोड हे नित्याचे प्रमाण. याचा अर्थ एक अक्षरही लिहिण्यापूर्वी डिस्कचा चौसष्टावा हिस्सा नुसत्या नोंदवहीसाठी राखला जातो. हे सर्व करण्यास हल्लीच्या यंत्रावर काही क्षण पुरतात. कारण आयनोडांचे तक्ते शून्याने भरण्याचे कंटाळवाणे काम आता बहुधा पुढे, डिस्क वापरात आल्यावर, लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल सावकाश उरकतो.

काही क्षणांत आटोपणारे हे काम; परंतु त्यात घेतलेले निर्णय डिस्कच्या आयुष्यभर टिकतात. आयनोडांचे प्रमाण एकदा ठरले की त्या फाइलसिस्टममध्ये ते पुन्हा बदलता येत नाही. लक्षावधी बारीक फाइली साठवणाऱ्याच्या डिस्कवर जागा शिल्लक असूनही ‘जागा नाही’ असा निरोप येतो, तो याच कारणाने. तारखांचे उदाहरण याहूनही बोलके आहे. एक्स्टचा जुना आयनोड १२८ बाइटांचा होता आणि तारखेसाठी त्यात ३२ बिटांचीच तजवीज होती. त्या हिशेबाने काळ १९ जानेवारी २०३८ रोजी संपतो. २५६ बाइटांच्या आयनोडात जास्तीचे बिट आहेत, आणि तेथे गणना २४४६ सालापर्यंत पोहोचते. मोठ्या डिस्कांसाठी हा थोरला आयनोड केव्हाच रूढ झाला होता; परंतु लहान आकाराच्या विभागांसाठी जागेची बचत म्हणून एमकेई२एफएस जुनाच आयनोड आखीत राहिली, आणि सर्वच आकारांसाठी २५६ हे प्रमाण नेमणारा फेरफार व्हायला २०२१ साल उजाडावे लागले. त्यापूर्वी आखलेले ते लहान विभाग मात्र आजही कोठे कोठे यंत्रांच्या पोटात आहेत, आणि आज्ञावली सुधारली म्हणून ते आपोआप सुधारलेले नाहीत. मजकूर लिहिण्याच्या एखाद्या आज्ञावलीत चूक झाली तर पुढच्या आवृत्तीत ती जाते. आखणीतली चूक आवृत्ती बदलल्यावरही मागे राहते.

पहिल्या आखणीच्या साधनाची पारख न करता ते सरसकट चालवले म्हणजे काय होते, याचा दाखला पुणे जिल्ह्याला दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच मिळालेला आहे. पेशवाईच्या अखेरीनंतर इंग्रजांनी या जिल्ह्याची जी पहिली शास्त्रीय मोजणी मांडली, ती १८२८च्या सुमारास रॉबर्ट कीथ प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याच्या हाताखाली सुरू झाली. प्रिंगलची योजना कागदावर अत्यंत सुसंगत होती. शेताचे एकूण उत्पन्न काढावे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करावा, आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा ठरावीक अंश सरकारी सारा म्हणून घ्यावा, हा तिचा गाभा. आणि त्या काळच्या अर्थशास्त्राचा तिला पाठिंबाही होता. परंतु ज्या मोजमापांवर व ज्या प्रतवारीवर हे सूक्ष्म गणित उभे होते, ती हाताखालच्या माणसांनी जशी आणून दिली तशीच पुष्कळशी स्वीकारली गेली. त्यांत चुकाही होत्या आणि लबाडीही होती. सारा अवाच्या सवा बसला, इंदापुराकडील रयतेने जमिनी सोडल्या, आणि १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांना ते काम नव्याने हाती घ्यावे लागले.

या दोघांची थोरवी त्यांच्या गणितात नाही. त्यांचे गणित प्रिंगलच्या मानाने ओबडधोबड होते. निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडून त्यांनी मातीचे नऊ वर्ग केले आणि व्यवहाराला पटेल असा आकार बसवला. परंतु कामाची पुनर्तपासणी ही त्यांनी कामाच्याच पोटात घातली, म्हणजे मोजणीदाराने मोजलेल्या व प्रतवारी केलेल्या शेतांपैकी काही शेते वरिष्ठाने स्वतः पुन्हा पाहावयाची आणि फरक निघाला तर कारण शोधावयाचे, हा शिरस्ता त्यांनी घालून दिला. आणि या अनुभवातून आलेले नियम १८४७ साली डेव्हिडसन या तिसऱ्या अधिकाऱ्यासह सादर केलेल्या संयुक्त अहवालात लेखनिविष्ट केले. पुढे हीच पद्धत जिल्ह्यातील अन्य तालुक्यांतून मावळापर्यंत आली, आणि येथे तिला निराळ्याच भूमीशी गाठ घालावी लागली. इंदापूरच्या सपाट जिरायतीवर बेतलेले नियम आंदर मावळाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या भातखाचरांना, किंवा राब भाजून नाचणी-वरई पिकवणाऱ्या वरकस उताराला, जसेच्या तसे लागू पडणे शक्य नव्हते. भातजमिनीची प्रतवारी निराळी करावी लागली, वरकसाची निराळी. एका जातीच्या जमिनीवर उत्तीर्ण झालेले साधन दुसऱ्या जातीच्या जमिनीवर उत्तीर्ण होईलच असे नाही, ही गोष्ट डिस्कांच्या बाबतीत, जेथे चुंबकीय तबकडी, घनस्थिती स्मृती, अनेक डिस्कांचा संच आणि दूरस्थ यंत्रावरील आभासी डिस्क अशा नाना भूमी आहेत, अक्षरशः खरी आहे.

आता प्रत्यक्ष फेरफाराकडे वळू. एखाद्या अभियंत्याने एमकेई२एफएसमध्ये दहा-वीस ओळींचा बदल सुचवला, तर तो दुसऱ्या जाणत्याच्या नजरेखालून गेल्यावाचून मूळ संहितेत, म्हणजे आज्ञावलीच्या सोर्स कोडमध्ये, घेतला जात नाही. बदलाच्या तळाशी तो लिहिणाऱ्याचे, तो वाचून तपासणाऱ्याचे आणि तो चालवून पाहणाऱ्याचे अशी नावे निरनिराळ्या सदरांखाली नमूद करण्याचा लिनक्सच्या जगात शिरस्ता आहे. आणि वाचणारा व चालवणारा ही दोन सदरे वेगळी ठेवण्यात मोठाच विवेक आहे, कारण वाचून सापडणाऱ्या चुका आणि चालवून सापडणाऱ्या चुका या दोन भिन्न जातींच्या असतात.

वाचणाऱ्याची पहिली पृच्छा अशी असते की, या बदलाने डिस्कवर लिहिले जाणारे बाइट बदलतात, की नुसता आज्ञावलीचा पडद्यावरील निरोप बदलतो? निरोप बदलत असेल तर वाद फार तर शब्दांचा. बाइट बदलत असतील, तर मग ते सर्वांसाठी बदलतात, की ज्याने मुद्दाम मागितले त्याच्यासाठीच, हे पाहावे लागते. यानंतर त्याची नजर संख्यांच्या काठावर जाते. ३२ बिटांत मावणारा सर्वांत मोठा ब्लॉकक्रमांक आणि ४,०९६ बाइटांचा ब्लॉक यांचा गुणाकार १६ टेबिबाइट होतो. या रेषेच्या अलीकडे सर्व काही सुरळीत आणि पलीकडे क्रमांक गुंडाळून पुन्हा शून्यापासून सुरू, अशी चूक संहितेतील एकाच चुकीच्या प्रकाराच्या चलामुळे होऊ शकते, आणि ती चालवून पाहणाऱ्याला सहसा दिसत नाही, कारण त्याच्या टेबलावर तेवढी डिस्क नसते. शेवटचा गट अपुरा भरतो तेव्हा काय होते? स्मृती मागितली आणि मिळाली नाही तर? लेखन मध्येच फसले तर आज्ञावली थांबते की ‘झाले’ म्हणून परतते? चांगला तपासनीस संहितेतील यशाची वाट झरझर वाचतो आणि अपयशाच्या वाटांवर रेंगाळतो. एका बदलात दोन गोष्टी गुंफलेल्या दिसल्या, तर तो वाचण्याआधीच त्यांची फाळणी करून मागतो, आणि हा त्याचा हट्टीपणा नसतो. कारण पुढे काही बिघडले, तर कोणत्या बदलाने बिघडले हे बदल लहान असतील तरच सापडते.

चालवून पाहण्याच्या कामी खरी डिस्क लागत नाही, ही या विद्येतील सर्वांत उपयुक्त सोय होय. एक साधी फाइल घ्यावी आणि तिलाच डिस्क समजण्याचा हुकूम आज्ञावलीला द्यावा. ही फाइल पोकळ असू शकते, म्हणजे तिची नोंदलेली लांबी १७ टेबिबाइट असूनही जेवढे लिहिले जाईल तेवढीच जागा ती प्रत्यक्षात खाते, आणि अशा रीतीने वर सांगितलेली काठावरची परीक्षा साध्या लॅपटॉपवर उरकता येते. मात्र ती फाइल ज्या फाइलसिस्टमवर ठेवायची, तिला एवढ्या लांबीची फाइल चालली पाहिजे. एक्स्टवर ती चालतेच असे नाही, एक्सएफएस नावाच्या दुसऱ्या फाइलसिस्टमवर चालते. एमकेई२एफएसच्या संहितेसोबत अशा परीक्षांचा एक मोठा संग्रह येतो. त्यातील आखणीच्या परीक्षेचा क्रम असा की, फाइलीवर आखणी करावी, ई२एफएससीके या दुरुस्तीच्या आज्ञावलीकडून ती निर्दोष ठरवून घ्यावी, मग आखणीचे सविस्तर वर्णन छापवावे, आणि ते आधी जपून ठेवलेल्या अपेक्षित वर्णनाशी अक्षरशः ताडून पाहावे. यात एक अडचण आहे. प्रत्येक फाइलसिस्टमला जन्मतः एक यादृच्छिक ओळखक्रमांक मिळतो आणि जन्मवेळही तीत लिहिली जाते. म्हणून एकाच आज्ञेने केलेल्या दोन आखण्या कधीच तंतोतंत सारख्या नसतात. परीक्षेला ही बदलती अंगे झाकून उरलेल्या मजकुराचा ताळा पाहावा लागतो, किंवा ओळखक्रमांक व वेळ बाहेरून ठरवून द्यावी लागते.

येथे एका सूक्ष्म दोषाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. आखणी करणारी एमकेई२एफएस आणि ती निर्दोष ठरवणारी ई२एफएससीके या दोन्ही आज्ञावल्या एकाच सामायिक ग्रंथालयाच्या (लायब्ररीच्या), म्हणजे तयार संहितेच्या संग्रहाच्या, आधारे उभ्या आहेत. गटाचा पत्ता काढण्याचे सूत्र जर त्या ग्रंथालयातच चुकले, तर आखणारा चुकीच्या ठिकाणी लिहील, तपासणारा त्याच चुकीच्या ठिकाणी पाहील, आणि दोघेही समाधानाने माना डोलावतील. ज्या मोजणीदाराने शेत मोजले त्याच्याच साखळीने घेतलेला हा निमताना झाला; साखळीच आखूड असेल तर तो काय दाखवणार? यास्तव फाइलसिस्टम प्रत्यक्ष जोडून पाहिली पाहिजे, म्हणजे कर्नलकडून, ज्याची संहिता या ग्रंथालयापासून स्वतंत्र आहे, ती वाचवून आणि तिच्यावर लिहववून पाहिली पाहिजे. हे काम करणारा मोठा परीक्षासंच मुळात सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीत एक्सएफएस या फाइलसिस्टमसाठी जन्मला, आणि आज तो एक्स्ट४, बीटीआरएफएस व इतरही फाइलसिस्टमांसाठी सर्रास वापरला जातो.

आखणी यशस्वी होते हे पाहणे सोपे. ती जेथे होऊ नये तेथे ती होत नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. ज्या डिस्कवर आधीच एखादी फाइलसिस्टम नांदत आहे, तिच्यावर नवी आखणी करण्याचा हुकूम दिला, तर एक्सएफएसची आज्ञावली तो साफ नाकारते. सक्तीचा पर्याय स्पष्ट लिहिला तरच पुढे जाते. एमकेई२एफएस मात्र जुनी फाइलसिस्टम आढळल्याचे सांगून ‘तरीही पुढे जाऊ काय’ असे विचारते, आणि हा प्रश्नसुद्धा पडद्यासमोर मनुष्य बसलेला असेल तेव्हाच विचारते. दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीतून तिला बोलावले, तर ती मुकाट्याने कामाला लागते. शिवाय घनस्थिती डिस्कवर ती आरंभीच सर्व जागा रिकामी झाल्याचे डिस्कला कळवून टाकते, आणि त्यानंतर जुना मजकूर परत मिळण्याची आशा बहुधा उरत नाही. जुन्या वापरकर्त्यांच्या हजारो लिहून ठेवलेल्या आज्ञा मोडू नयेत म्हणून ही सवलत टिकून आहे हे समजण्याजोगे आहे. परंतु या दोन रीतींपैकी एक्सएफएसची रीत अधिक शहाणपणाची, असे माझे स्पष्ट मत आहे.

वीज गेली तर काय, हाही याच जातीचा प्रश्न. वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या लोणावळ्यात आषाढात वीज जाणे ही नवलाची गोष्ट नव्हे, आणि आखणी चालू असता ती गेली तर डिस्कवर जे अर्धवट उरेल ते पूर्ण फाइलसिस्टमचा बहाणा करता कामा नये. एक्सएफएसने यासाठी सुपरब्लॉकमध्येच एक रकाना ठेवला आहे: आरंभी तेथे ‘काम चालू’ अशी खूण होते, आणि सर्व लेखन सुखरूप पार पडल्यावरच ती पुसली जाते. ती खूण शिल्लक असलेली डिस्क कर्नल जोडून घेत नाही. आता या क्रमात कोणी फेरफार केला, आणि खूण पुसण्याची ओळ दोन ओळी वर सरकली, तर एरवीच्या सर्व परीक्षा उत्तीर्ण होतील! लेखन मध्येच तोडणारी परीक्षा मुद्दाम घेतली तरच तो दोष उघडकीस येईल.

तथापि तपासणी झाली, परीक्षा झाल्या, संहितेत चूक एकही नाही, आणि तरीही आखणी निकामी ठरली, असा प्रसंग २०२३च्या फेब्रुवारीत घडला. आणि या विषयाचा अभ्यास करणाऱ्याने तो नीट समजून घ्यावा असा आहे. एक्स्टच्या सुपरब्लॉकमध्ये सोयींच्या खुणा तीन वर्गांत लिहिल्या जातात. पहिल्या वर्गातील खूण ओळखीची नसली तरी कर्नलने डिस्क वाचण्या-लिहिण्यास हरकत नाही. दुसऱ्या वर्गातील अनोळखी खूण दिसली तर फक्त वाचावे. आणि तिसऱ्या वर्गातील अनोळखी खूण दिसली तर डिस्कला हातच लावू नये. त्या महिन्यात प्रसिद्ध झालेल्या ई२एफएसप्रॉग्सच्या, म्हणजे एमकेई२एफएस व ई२एफएससीके ज्यात येतात त्या संचाच्या, १.४७.० या आवृत्तीने दोन सोयी मागितल्याविना चालू केल्या. एकीमुळे फाइलसिस्टम वापरात असतानाही तिचा ओळखक्रमांक बदलणे शक्य होत होते. दुसरीमुळे एकाच वेळी पुष्कळ फाइली पुसल्या जात असताना होणारी कोंडी कमी होत होती. दोन्ही उपयुक्त. दोन्ही कर्नलमध्ये आधीपासून होत्या. पहिली तर कित्येक वर्षे जुनी.

परंतु डिस्क वाचणारा कर्नल हा एकटाच नाही. यंत्र सुरू होताना कर्नललाच डिस्कवरून उचलून आणणारी ग्रब नावाची एक लहान आज्ञावली असते. तिला एक्स्ट वाचण्याची स्वतःची विद्या असते, आणि पहिली सोय तिसऱ्या वर्गातील असल्यामुळे जुन्या ग्रबने ती ओळखीची नाही म्हणून डिस्क वाचण्यासच नकार दिला. नव्या यंत्रावर बसून डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या वितरणांची जुनी आवृत्ती दुसऱ्या डिस्कवर उभारणाऱ्या लोकांची त्यामुळे पंचाईत झाली: आखणी नवी, तिच्यावर ठेवलेला ग्रब जुना, आणि यंत्र काही सुरू होईना. दुसरी सोय पहिल्या वर्गातील, म्हणजे कर्नलला निरुपद्रवी. पण दुरुस्तीची आज्ञावली ही कर्नलहून अधिक कडक असते, तिला अनोळखी काहीच चालत नाही, आणि म्हणून जुन्या ई२एफएससीकेने अशी डिस्क तपासण्याचे नाकारले. डेबियनची बारावी आवृत्ती त्या वेळी अखेरच्या टप्प्यात होती. चर्चेअंती त्या आवृत्तीपुरत्या दोन्ही सोयी पुन्हा मागितल्याशिवाय न मिळणाऱ्या करण्यात आल्या, आणि जून महिन्यात ती तशीच प्रसिद्ध झाली.

या प्रसंगात दोष कोणाचा, असा प्रश्न साहजिकच उठतो. ग्रब मागे राहिला म्हणावे, तर त्याच्या नव्या संहितेत पहिल्या सोयीची ओळख आधीच घातली गेली होती. ती जुन्या प्रणालींपर्यंत पोहोचली नव्हती इतकेच. आखणीकर्त्यांची घाई म्हणावी, तर नवी सोय कधी ना कधी सर्वांसाठी चालू करावीच लागते, नाहीतर ती कोणी वापरतच नाही. माझ्या मते चूक वर्गीकरणाची होती. नवी सोय उपलब्ध करून देणारा फेरफार आणि ती सोय सर्वांच्या माथी गृहीत धरणारा फेरफार हे संहितेत दिसायला फार वेगळे नसतात, किंबहुना दुसरा बहुधा पहिल्याहून कितीतरी लहान, पुष्कळदा एका ओळीचा असतो. पण पहिल्याची परीक्षा आपल्या आवारात घेता येते, आणि दुसऱ्याची परीक्षा जगात जे जे ही डिस्क वाचणार आहे त्या सर्वांच्या दारी जाऊन घ्यावी लागते. तपासणाऱ्याने लांबी पाहून वेळ दिला, तर तो नेमक्या या एका ओळीला सर्वांत कमी वेळ देईल.

जाता जाता परीक्षेच्याच बाजूची एक गंमत. २०२२ साली एक्सएफएसच्या आखणीकर्त्यांनी ३०० मेगाबाइटांहून लहान फाइलसिस्टम आखण्यास मनाई केली. इतक्या लहान आखणीत एक्सएफएसची कार्यक्षमता धड राहत नाही, हे त्यांचे म्हणणे रास्त होते. परंतु परीक्षासंचातील कित्येक जुन्या परीक्षा मुद्दाम इवल्या फाइलसिस्टमांवरच बेतलेल्या. मग तोड अशी काढण्यात आली की, परीक्षासंचाची विशिष्ट चले आज्ञावलीच्या परिवेशात (एन्व्हायरन्मेंटमध्ये) आढळली, तर आज्ञावलीने ही मनाई सोडून द्यावी. व्यवहार म्हणून ठीक. पण परीक्षक आला की निराळे वागणारी आज्ञावली ही तत्त्वतः मला रुचत नाही, आणि अशी सवलत संहितेत असल्यास परीक्षेचा निकाल वाचताना ती ध्यानात ठेवावीच लागते.

पुण्यात फाइलसिस्टमचे काम नवे नाही. व्हेरिटास या कंपनीच्या येथील केंद्रातून तिच्या साठवण-प्रणालींवर अनेक मराठी अभियंत्यांनी वर्षानुवर्षे काम केले आहे. परंतु खुल्या संहितेच्या आज्ञावल्यांवर काम करण्यास कंपनीची नोकरी लागत नाही, आणि लोणावळा, तळेगाव व परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणाऱ्या वाचकाने हे प्रकरण वाचून बाजूला न ठेवता हात घालून पाहावा अशी विनंती आहे. एक पोकळ फाइल निर्माण करावी. तिच्यावर आखणी करावी. जास्तीत जास्त विचित्र आकार, गटाच्या सीमेला एक ब्लॉक कमी, एक ब्लॉक अधिक, द्यावेत. एका आवृत्तीने आखलेली फाइल दुसऱ्या, जुन्या आवृत्तीच्या यंत्रावर नेऊन तपासावी. काही बिनसलेले आढळले, तर आज्ञावलीची आवृत्ती, दिलेली आज्ञा जशीच्या तशी, फाइलीचा आकार बाइटांत आणि पडद्यावर उमटलेला मजकूर एवढे चार तपशील संहितेच्या जपणुकदारांना कळवावेत. त्यावाचून तक्रारीची रुजुवात त्यांना करता येत नाही. आणि या कामी घरच्या छायाचित्रांची डिस्क यंत्राला जोडलेली असू नये.